फेर्राराच्या किल्ल्यातला गूळ

गुळाची भेली मी फोडली ती फेर्राराच्या किल्ल्यात, चौकाच्या मधोमध, बावीस परक्या माणसांच्या देखत. गुप्तेसाहेब शेजारी उभे राहून भाषण करत होते, आणि मी एका हातानं गुळाचे खडे वाटत तोंडानं त्या भाषणाचं इटालियन करत होते.

“आमच्या महाराष्ट्रात,” साहेब म्हणाले, “दारी आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात. तो कोण, कुठला, हे नंतर विचारतात.”

इथं दारी आलेले आम्ही होतो, ही गोष्ट ना साहेबांच्या लक्षात आली ना माझ्या. लोकांना गूळ मात्र फार आवडला. दोन तुर्की गवंडी परत हात पुढे करून उभे राहिले. साहेब इतके खूश झाले की उरलेली भेली त्यांनी आपल्या धुतल्या रुमालात बांधली आणि जुन्या पद्धतीच्या बांधकामाचं शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या बाईंच्या हातात वाजतगाजत ठेवली. टाळ्या झाल्या. मला वाटलं, शिबिराचा पहिला दिवस झकास गेला.

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या म्हाळसाक्का उचलत्या पुलावरून आत आल्या, अनवाणी. त्यांच्या गावाजवळच्या शिळजाईच्या गडावर देवीचं ठाणं आहे, त्यामुळे गडात पायताण घालून जायचं नसतं. किल्ला इटलीतला असला म्हणून काय झालं. चपला त्यांनी बाहेर पुलाच्या कठड्याशी नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि एक पहारेकरी त्या कुणाच्या म्हणून चौकशी करत हिंडत होता. अक्का इतका वेळ बाहेरच होत्या. हा किल्ला डोंगरावर नाही, शहराच्या ऐन मध्यावर आहे. चार कोपऱ्यांना चार लाल विटांचे बुरूज आणि भोवती पाण्यानं भरलेला खंदक. लोक सायकलींवरून घंट्या वाजवत त्याच्या कडेनं भाजी आणायला जातात. अक्कांनी आल्या आल्या बुरूज-बिरूज काही पाहिले नव्हते. पाणी जिथं भिंतीला लागतं तिथं ओणवून त्या अर्धा तास बघत बसल्या होत्या.

“सुरखी घातलीया हितं पन,” माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या. “इटांची भुकटी. आपल्यावानीच.” मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या मोकळ्या फडक्याकडे गेलं. “पोरी, गूळ कुठाय?”

“वाटला,” मी हसत म्हणाले. “सगळ्यांना आवडला, अक्का.”

त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं, झटकलं, चार घड्या घालून कमरेला खोचलं. “त्यो चुन्याचा गूळ व्हता,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. मला वाटतं चढला असता तर बरं झालं असतं.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात इटालियन शिकून मी नुकती कुठं बाहेर पडले होते आणि शिळजाई गड जीर्णोद्धार समितीनं मला दुभाषी म्हणून तीन आठवड्यांसाठी घेतलं होतं. गुप्तेसाहेब समितीचे कार्यवाह. सरळ माणूस, पण भाषणाची संधी दिसली की त्यांना राहवत नसे. गडावरचं पाण्याचं मोठं टाकं फुटलं होतं. त्या टाक्यावर पायथ्याचं गाव चैत्र-वैशाख काढायचं. समितीतल्या अर्ध्यांचं म्हणणं, सिमेंट ओता आणि मोकळे व्हा. ठेकेदार तर मिक्सर घेऊन पायथ्याशी तयारच होता. उरलेले अर्धे म्हणत, टाकं चुन्याचं आहे, चुन्यानंच दुरुस्त होईल. शेवटी ठराव झाला. फेर्राराच्या शिबिरात आपल्या चुन्यानं पाणी धरून दाखवलं आणि तसं प्रमाणपत्र मिळालं, तर काम चुन्यात करायचं. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर असेल त्यानं स्वतः उभं राहून संक्रांतीच्या आत काम सुरू करायचं. नाहीतर सिमेंट.

जायचं होतं हैबती मिस्त्रींनी, आणि त्यांच्या हाताखाली त्यांची भावजय म्हाळसाक्का. अर्ज मीच भरले होते. “तुम्ही काय करता?” असं मी अक्कांना विचारलं होतं. “चुना मळते,” त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, “मदतनीस लिही.” मी लिहिलं. निघायच्या आठ दिवस आधी हैबती मिस्त्री परांचीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून सहा महिने खाटेवर गेले. साहेबांनी सगळंच रद्द करायचं ठरवलं होतं. पण तिकिटं निघाली होती, आणि अक्का पिशवी भरून समितीच्या दारात येऊन बसल्या होत्या. पिशवीत हिरडे होते, प्लास्टर घोटायचा सासूचा गुळगुळीत गोटा होता, आणि चुन्यात घालायची, वर्षभर मडक्यात मुरवलेली दोन किलोची काळी भेली होती, जी मी खाऊ समजले.

“मी मागून आणते,” त्या दुपारी मी म्हणाले. “अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. त्या बाईंना सांगते, चूक झाली.”

“हातावर ठेवलेला गूळ परत मागायचा?” अक्का माझ्याकडे वळल्या. “आपल्यात कुनी मागितलाय का कवा?”

चौकात तीन हौद बांधून ठेवले होते, कमरेएवढे, नव्या विटांचे, आतून उघडे. एक इटालियन गवंड्यांचा, एक तयार पावडर विकणाऱ्या कंपनीवाल्यांचा, एक आमचा. प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं आतून लेप द्यायचा. अठराव्या दिवशी पाणी भरायचं आणि एकोणिसाव्या दिवशी मोजायचं. परीक्षक होते ओत्ताव्यो नावाचे सत्तरीचे गवंडी. हाडकुळे, कानामागे पेन्सिल, आणि कुणी काही सांगू लागलं की आधी मान नकारार्थी हलवायची सवय.

गूळ माझ्यामुळे गेला होता, तेव्हा तो मिळवून देणंही माझ्याच माथी होतं. दोन दिवस मी अक्कांना घेऊन दुकानं पालथी घातली. पांढरी साखर त्यांनी जिभेला लावून थुंकून टाकली. “धुतलेली हाय. हिच्यात चिकाटी न्हाई.” तपकिरी साखर बोटांत चोळली आणि मान हलवली. मध ठीक वाटला, पण हौदाला पुरेल इतका मध घ्यायचा तर साहेबांना घड्याळ विकावं लागलं असतं. तिकडे इटालियनांचा पहिला थर देऊन झाला होता. कंपनीवाले दुपारी गॉगल लावून खंदकाच्या काठी कॉफी पीत बसत. साहेब दर तासाला मला विचारत, “रेणू, होणार ना?” आणि मी दर तासाला हो म्हणत होते. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला बसलो होतो. आम्ही उतरलो होतो ते सिन्योरा इर्मा नावाच्या म्हातारीच्या घरी. तिनं पावावर एका बाटलीतून काहीतरी काळंभोर, दाट ओतलं. अक्कांचा हात थांबला. त्यांनी बशीत बोट बुडवलं, अंगठ्यावर घेतलं, चिमूट उघडली. बारीक तार निघाली.

“ही काकवी हाय,” त्या म्हणाल्या. “पर उसाची न्हवं.”

मी इर्माला विचारलं. तिचं नाव साबा. द्राक्षांचा रस तांब्याच्या भांड्यात दिवसभर आटवून ती दर सप्टेंबरात करते, तिची आई करायची, आजी करायची. नाताळच्या मिठाईत घालतात.

“किती हाय तिच्याकडं?” अक्कांनी विचारलं.

इर्माच्या तळघरात सात बाटल्या होत्या. कशाला हव्यात म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ती खाली जाऊन पाच घेऊन आली. दोन नाताळला ठेवल्या.

आता सगळं जमलं असं मला वाटलं. अक्कांना तसं वाटत नव्हतं. “द्राक्षाची हाय, आंबूस हाय. चुन्याला मानवती का बघाय पायजे.” इर्माच्या तीन बश्यांत तीन परीनं चुना मळून त्यांनी उन्हात ठेवला. एकीत साबा जास्त, एकीत कमी, एकीत हिरड्याचं पाणी दुप्पट. पहिला घट्टच होईना. दुसरा सुकून फुटला. तिसऱ्या बशीवर त्यांनी दुसऱ्या दिवशी नखानं टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि ती बशी पदराखाली झाकून किल्ल्याकडे चालू लागल्या.

ओत्ताव्योंनी बाटली हुंगली आणि मान हलवली. “हे आम्ही खातो,” ते म्हणाले. “आणि परवा दिलेल्या साहित्याच्या यादीत तुम्ही गूळ लिहिलाय. परंपरेनं जे वापरता तेच वापरायचं, असा नियम आहे. हे तुमच्या परंपरेत बसत नाही.”

मी भाषांतर केलं. साहेबांनी घाम पुसला. “झालं,” ते म्हणाले. “आपण माघार घेऊ. निदान शोभा तरी होणार नाही.”

“त्याला म्हनावं,” अक्का म्हणाल्या, “परंपरा गुळाची न्हाई. परंपरा अशी हाय की त्या गावचा चुना, त्या गावची इट आन् त्या गावचं गोड. म्या पर्देशात भित लिपतीया तर तुमचीच काकवी घालनार की.” आणि त्यांनी बशी पुढं केली.

ओत्ताव्योंनी पेन्सिलीचं टोक बशीतल्या चुन्यात दाबलं. टोक मोडलं. त्यांनी ते उचलून बघितलं, अक्कांच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मान उभी हलली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यात कधी विसरायचे नाहीत असे गेले. चुना मळायला घाणी नव्हती, बैल नव्हता. अक्का सपाट दगडावर पहार घेऊन कुटत, मी उलथापालथ करत असे. साहेब पाणी आणत. हो, साहेबही. तिसऱ्या बादलीला त्यांचं भाषण बंद झालं. लेप दिल्यावर मला वाटलं, संपलं. तेव्हा कुठं अक्कांनी गोटा काढला आणि हौदात उतरून भिंत घोटायला बसल्या. सकाळी घोटायची, दुपारी ओलं गोणपाट टाकायचं, संध्याकाळी परत घोटायची. इटालियन आपला लेप देऊन दुसऱ्या दिवशी मोकळे झाले होते. कंपनीवाले तर तासाभरात. आम्ही आठ दिवस घोटत होतो. चुन्यानं माझ्या बोटांना चिरा पडल्या, आणि अक्कांनी खोबरेल लावून चिंध्या बांधून दिल्या.

“अक्का, मिस्त्री कधी घोटायला बसतात का?” मी एकदा विचारलं.

“भावजी? त्येंचं काम भित बांधायचं. चुना, लेप, घोटाई हे बायकांचं. सासूनं मला शिकीवलं.” त्या जराशा हसल्या. “पर पावनं आलं की इचारत्यात, मिस्त्री कोन? मग भावजी फुडं हुत्यात.”

मला माझ्या हस्ताक्षरातला ‘मदतनीस’ आठवला. मी नुसती घोटत राहिले. आमचा हौद आतून आरशासारखा दिसायला लागला होता, आणि त्यात वाकून बघणाऱ्यांची रीघ लागली होती. चपलावाला पहारेकरीही रोज सकाळी येऊन एक नजर टाकून जायचा. चपला त्यानं आता स्वतःच्या टेबलाखाली जागा करून ठेवल्या होत्या.

अठराव्या दिवशी तिन्ही हौद भरले. इटालियनांनी पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण केली. अक्कांनी सुरखीत बोट बुडवून एक ठिपका लावला, बरोबर पाण्यावर टेकलेला. त्या रात्री साहेब जेवले नाहीत. अक्का व्यवस्थित जेवल्या आणि झोपल्या.

सकाळी सगळे चौकात जमले. कंपनीवाल्यांचं पाणी अडीच बोटं उतरलं होतं. ओत्ताव्योंनी आकडा लिहिला, चेहरा ढिम्म. इटालियनांचं अर्धं बोट. चांगलंच होतं, टाळ्या झाल्या. मग ते आमच्या हौदाशी आले. वाकले. चष्मा काढून पुसला, परत वाकले. सुरखीचा ठिपका पाण्याला टेकलेलाच होता. केसाची फट नव्हती.

ओत्ताव्योंनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि विजारीसकट हौदात उतरले. तळवा भिंतीवर फिरवत एक पूर्ण फेरी मारली. थंड पाण्यानं त्यांचे ओठ निळे पडले होते. बाहेर आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी पन्नास वर्षं हे काम करतोय. माझ्या बापानं असं केलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, तो गेला आणि हे संपलं.”

मला हुंदका आला. ते भाषांतर मी तसंच, हुंदक्यासकट केलं. अक्कांनी पदरानं ओत्ताव्योंचा ओला हात पुसून दिला.

संस्थेच्या बाई प्रमाणपत्राचा कागद आणि पेन घेऊन तयार होत्या. “मुख्य कारागिराचं नाव सांगा,” त्या म्हणाल्या.

साहेब पुढं झाले. ते फार आनंदात होते, आणि अशा वेळी त्यांचं भाषण लांबतं. “हे श्रेय,” ते म्हणाले, “आमच्या गडाचे अनुभवी कारागीर हैबती मिस्त्री यांचं आहे. अपघातामुळे ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांच्या मदतनीस बाईंनी हे काम पार पाडलं. तरी प्रमाणपत्रावर नाव हैबती मिस्त्री असं घालावं.” मग माझ्याकडे वळून, “सांग त्यांना.”

मी अक्कांकडे बघितलं. त्या हौदातल्या पाण्याकडे बघत होत्या. साहेबांनी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नवीन नव्हतं. खाटेवरच्या हैबती मिस्त्रींच्या नावाचा कागद म्हणजे संक्रांतीला काम सुरू होणार नाही, आणि मग मिक्सर गडावर चढणार. हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. अक्कांच्या आलं होतं.

मी बाईंना इटालियनमध्ये सांगितलं, “मुख्य कारागीर या आहेत. म्हाळसा राणोजी बेलदार. चुना यांचा, हात यांचा, आणि तुमच्या साबाची युक्तीही यांचीच. मदतनीस मी होते. कामाचा गूळ तुम्हा सगळ्यांना खायला वाटला तो मीच.”

चौकभर हशा पिकला. दोन्ही तुर्की गवंड्यांनी लाजून कान पकडल्यासारखं केलं. साहेबांना वाटलं, आपल्या भाषणाला दाद मिळाली, आणि त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. ओत्ताव्यो बाईंना म्हणाले, “विचारायचं काय त्यात? मी पहिल्या दिवसापासून बघतोय.” बाईंनी नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि कागद सरळ अक्कांच्या हातात दिला.

साहेबांनी तो वाचला उचलत्या पुलावर. मी अक्कांच्या चपला घेऊन मागून येत होते.

“रेणू, हे काय केलंस? मी काय सांगितलं होतं?”

“मी बरोबर भाषांतर केलं, साहेब. चूक अर्जात झाली होती.”

“आणि हैबती काय म्हणेल?”

“भावजींनीच सांगितलं हुतं निघताना,” अक्का चपला पायात सरकवत म्हणाल्या. “वैनी, भित माझी, पर पानी तुमी धरता.”

साहेब कठड्याला टेकून खंदकाकडे बघत राहिले. खाली पाण्यात लाल बुरूज हलत होते. मी मनातल्या मनात नोकरी सोडून दिली होती. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि ती अक्कांना परत दिली.

“म्हाळसाबाई,” ते म्हणाले. आजवर ते त्यांना ‘अहो बाई’ म्हणत. “संक्रांतीच्या आत सुरू करता येईल का हो?”

“संक्रांत कशापाई? इमान उतरलं की दुसऱ्या दिशी.”

समितीत आरडाओरडा झाला, तो साहेबांनी एकट्यानं निस्तरला. त्या दिवशीचं त्यांचं भाषण मी ऐकलं आणि मला एकदाही कंटाळा आला नाही. गावातल्या बारा घरांतल्या बायका टाक्यात उतरल्या. हैबती मिस्त्री खुर्ची टाकून वर बसले आणि फुटलेली भिंत कशी बांधायची ते सांगत राहिले. मिक्सर पायथ्याशी होता तो मार्चमध्ये निघून गेला.

मधला पावसाळा गेला, आणि त्यापुढच्या वैशाखात अक्कांचा निरोप आला म्हणून मी गडावर गेले. टाकं गळ्यापर्यंत भरलं होतं. खालून कळशा घेऊन बायकांची रांग लागली होती. मी चपला देवीच्या कमानीबाहेर काढून ठेवल्या आणि घामाघूम होऊन काठावर येऊन बसले. अक्कांनी टाक्यातलं पाणी भरून तांब्या माझ्यापुढं ठेवला, कमरेचं तेच चार घड्यांचं फडकं सोडलं, आणि पिवळाधमक गुळाचा मोठा खडा माझ्या तळहातावर ठेवला.

मी हातातला खडा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

“खा, पोरी,” म्हाळसाक्का म्हणाल्या. “ह्यो खायचाच हाय.”